सावलीची बाजू

सिद्धार्थनगर, कोल्हापूर
१८ जून २००६

प्रिय शिवानी,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मला मार्चच्या सात तारखेला मिळालं आणि आज जूनची अठरा. मधल्या दिवसांत आजारी होतो, गावाला गेलो होतो, पत्ता सापडेना, असली कुठलीही सबब सांगत नाही. पत्र टीव्हीवरच्या कापडाखाली होतं आणि मी रोज कापड उचलून ते तिथंच आहे ना, एवढं बघून परत झाकत होतो. तू लिहिलंस की आर्यनला घेऊन तू तुझ्या बहिणीकडं, सोनमकडं राहायला गेलीस. आमचा अतुल आणि तू पुन्हा एका घरात राहाल असं तुला वाटत नाही. त्याच्या रागाचा तुला राग नाही, कारण बोटीवरची आत्यांची खोली तू चुकवलीस. आणि शेवटी लिहिलंस, आत्यांची गुन्हेगार मीच आहे मामा, जमलं तर क्षमा करा. शिवानी, ते वाक्य खोटं आहे. ते खोटं आहे हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातलं एक नोव्हेंबरात गेलं. उरलेला मी.

एका ओळीत सांगून मोकळं व्हावं असं शंभरदा वाटलं. पण एका ओळीत सांगितलं तर ते नुसतं कबूल केल्यागत होईल, आणि तुला वाटेल म्हाताऱ्यानं उपकार केले. म्हणून पहिल्यापासून सांगतो. कंटाळा आला तरी वाच.

घर आहे तसंच आहे. मी सकाळी भात लावतो, तोच दोन वेळा खातो. शेजारच्या कुलसुमभाभी एक दिवसाआड भाकरी आणून देतात आणि ताट घासलेलं नसलं की दारातच उभ्या राहून बोलतात. तुझ्या आत्याची, म्हणजे आमच्या हिची, आणि त्यांची बत्तीस वर्षांची गट्टी, त्यामुळं मला बोलायचा हक्क त्यांना आपोआप मिळालाय. त्यांना मी गेल्या महिन्यात सगळं सांगितलं. भाकरीचं फडकं हातात घेऊन त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, भाऊसो, मला सांगून काय उपेग, जिचं हाय तिला सांगा की. आणि फडकं घेऊन गेल्या. पुढच्या दोन खेपा भाकरी आली नाही.

आता बोटीचं. तुला आठवत असेल, २००१ साली अतुलनं अमेरिकेतून तिकडचं एक कॅलेंडर पाठवलं होतं. त्यात ऑक्टोबरच्या पानावर लाल झाडांचा डोंगर होता, खाली पाणी. वर्ष संपलं तरी तुझ्या आत्यानं ते पान काढलं नाही. स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीशेजारी चार वर्षं ऑक्टोबरच होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, ही पानं खरंच अशी होतात का रंग दिलाय. मी म्हणायचो, छापखान्यात देत असतील. तिला ते पटायचं नाही. तू फोनवर म्हणालीस, आत्या, आता तुम्हीच येऊन बघा, आम्ही तुम्हाला बोटीनं नेतो, बॉस्टनहून वर कॅनडापर्यंत, दहा दिवस, खोलीला स्वतःची गॅलरी असेल, पलंगावरून उठलं की झाडं. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ पदराशी चाळा करत बसली. मग मला म्हणाली, गॅलरीत बसून च्या प्यायला मिळंल काय हो. तिचं मागणं तेवढंच होतं.

मग तू बोटीचा नकाशा पाठवलास. नेट कॅफेतून मी त्याची प्रिंट काढून आणली, चार पानं चिकटवून एक केलं आणि जमिनीवर पसरलं. तुला खरं सांगतो, निवृत्त झाल्यापासून एवढा आनंद मला झाला नव्हता. अगं, तो तर माझा चार्ट होता. एसटीच्या आरक्षणाच्या खिडकीत मी सव्वीस वर्षं बसलो. चौकोन, चौकोनात नंबर, मधून वाट. माझ्या बापाला गाडीत जागा असून बसू देत नव्हते, तो गारगोटीपर्यंत दांडीला धरून उभ्यानं जायचा. आणि मी अख्ख्या कोल्हापूरला जागा वाटत होतो. पाटील असो नाहीतर वकील, खिडकीपुढं वाकून विचारायचा, भाऊसो, जरा चांगली बघून द्या. आणि मी नुसती जागा देत नव्हतो. बाळंतीण असेल तर चाकावरची देत नव्हतो. म्हाताऱ्याला शेवटचा बाक कधी दिला नाही. उलटी होणाऱ्याला खिडकी आणि पुढचं दार जवळ. आणि बाजू. सकाळच्या पुण्याच्या गाडीला उजवी बाजू उन्हाची, दुपारच्या गाडीला डावी. हे लोकांना ठाऊक नसतं, ते नुसती खिडकी मागतात. मी विचारायचो, गाडी किती वाजताची, आणि मग सावलीची बाजू द्यायचो. लोक सातारा गेल्यावर मला दुवा देत असतील, अशी माझी समजूत होती.

तोच हिशेब मी बोटीला लावला, आणि बराचसा बरोबरच लावला. मधली खोली घ्यायची म्हणालो, कारण पुढं-मागं बोट जास्त हलते. तू फोनवर म्हणालीस, मामा, तुम्हाला कसं कळलं, इथली माणसंपण तेच सांगतात. स्वयंपाकघराखालची नको, वर भांडी वाजतात. लिफ्टपासून लांब नको, आत्याला दमा आहे, पण अगदी लागूनही नको. वरच्या मजल्यावर वारा जास्त, खाली पाणी तोंडावर येतं, तर सातवा मजला. तू हसत होतीस आणि लिहून घेत होतीस. तीन रविवार आपण दोघं फोनवर फक्त त्या खोलीचं बोलत होतो. अतुल मागून ओरडायचा, बाबा, बिल बघा. ते तीन रविवार माझ्या म्हातारपणातले सगळ्यात चांगले होते, हे तुला आता ऐकून काय वाटेल मला माहीत नाही.

शेवटी दोन खोल्या उरल्या, समोरासमोर, मधे फक्त वाट. एक डावीकडं, एक उजवीकडं. एजन्सीनं दोन्ही राखून ठेवल्या होत्या आणि फॉर्मवर एकीपुढं खूण करून, आमच्या दोघांच्या सह्या करून, फॅक्सनं पाठवायचं होतं. तू फॉर्म भरून पाठवलास आणि डाव्या खोलीपुढं पेन्सिलनं खूण करून ठेवलीस. फोनवर नीट समजावून सांगितलंस. मामा, बोट उत्तरेला जाणार, म्हणजे जमीन आपल्या डाव्या हाताला, झाडं तिकडंच दिसणार. मी हो म्हणालो.

हो म्हणालो, पण ऐकलं नाही. माझ्या डोक्यात एवढंच शिरलं की बोट उत्तरेला जाणार. आणि तू आधी सांगितलं होतंस की सकाळी बोट बंदरात उभी असते आणि दुपारनंतर चालते. म्हणजे दुपारची पुण्याची गाडी. डावी बाजू भाजून काढणार.

इथं एक जुनी गोष्ट सांगायला पाहिजे, ती अतुललाही ठाऊक नाही. चौऱ्याहत्तर साली तुझी आत्या गारगोटीहून, माहेरून कोल्हापूरला यायला निघाली. अतुल पोटात, सातवा महिना. मी आणायला गेलो होतो. वैशाखातली दुपारची गाडी. तेव्हा मी डेपोत नवा, मला बाजूबिजू काही कळत नव्हतं. डाव्या खिडकीत तिला बसवलं आणि मला वाटलं, मी राणीला बसवलं. निम्म्या वाटेत तिला भोवळ आली आणि ती माझ्या अंगावर कलंडली. डोळे पांढरे. गाडी थांबवली, लोकांनी उतरवून बाभळीखाली निजवलं, कुणीतरी बाटलीतलं पाणी दिलं. वीसेक मिनिटं मला वाटलं दोघंही गेली. शुद्धीवर आल्यावर तिनं एकच विचारलं, माझं पातळ नीट हाय न्हवं. त्या दिवसानंतर तिला मी कधी उन्हाच्या बाजूला बसू दिलं नाही. जत्रेला जाताना, लग्नाला जाताना, अतुलला मुंबईच्या विमानाला सोडायला जाताना. एकतीस वर्षं. ती चिडायची, अवो संध्याकाळ झालिया, आता कुठलं ऊन. तरी मी नाही.

फॉर्म सही करायला घेतला तेव्हा ती शेजारी तांदूळ निवडत बसली होती. मी तुझी पेन्सिलची खूण खोडरबरानं पुसली आणि उजव्या खोलीपुढं पेनानं केली. तिनं बघितलं. म्हणाली, अवो, पोरीनं इचार करून केली असंल की. मी म्हणालो, तुला काय कळतंय, सव्वीस वर्षं जागा वाटल्यात, ही काल आलेली मला शिकवणार. आणि झाडांचं काय, असं ती म्हणाली. मी म्हणालो, झाडं काय एकाच बाजूला असतात व्हय. शिवानी, मी आयुष्यभर रस्त्यावरच्या गाड्या बघितल्या. रस्त्याला दोन बाजू असतात आणि दोन्ही बाजूंना झाडं असतात. समुद्राला एकच बाजू असते, हे मला सांगूनही दिसलं नाही. तुला फोन करून विचारावं, एवढंसुद्धा वाटलं नाही. तिनं तांदळाचं ताट बाजूला ठेवून सही केली आणि मी त्याच दुपारी फॅक्स केला. येताना पावशेर जिलेबी आणली.

पुढचं तू बघितलंस, पण माझ्या बाजूनं बघितलं नाहीस. गेल्या ऑक्टोबरात आपण बोटीवर चढलो. लांबलचक वाट, लाल गालिचा, अतुल पुढं, मी बॅगा धरून मागं. तुम्ही तिघांनी स्वतःसाठी आतली बिनखिडकीची खोली घेतली होती, आम्हाला गॅलरी मिळावी म्हणून. अतुल नंबर शोधत उजव्या दारापाशी थांबला आणि म्हणाला, हे कसं काय. दार उघडलं. गॅलरीच्या काचेतून नुसतं धक्क्याचं पाणी दिसत होतं आणि त्याच्या पुढं समुद्र. त्यानं तुझ्याकडं बघितलं. तू पर्समधून कागद काढलास, नंबर बघितलास आणि तुझा चेहरा पडला. आर्यनला त्या आठवड्यात ताप होता, खोली पक्की झाल्याचा कागद आला तेव्हा तू उघडून बघितलासुद्धा नव्हतास. तू म्हणालीस, खूण माझीच चुकली असणार. माझ्यावर तुला शंकासुद्धा आली नाही. मग अतुल त्या वाटेत, येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांसमोर, तुला जे बोलला ते बोलला. एक काम सांगितलं होतं, एक, असं तो म्हणत होता. माझ्या आईनं आयुष्यात एक गोष्ट मागितली.

मी तिथं उभा होतो. दोन्ही हातांत बॅगा होत्या. तोंड उघडायला हात लागत नाहीत. तुझी आत्या माझ्याकडं बघत होती. मी बॅगा खाली ठेवल्या आणि म्हणालो, असू दे रे, झालं ते झालं. मोठेपणानं म्हणालो. तुला माफ केल्यासारखं. त्या वाक्याची मला जेवढी लाज वाटते तेवढी खूण पुसल्याचीसुद्धा वाटत नाही.

तू दोन तास काउंटरपाशी उभी होतीस, खोली बदलून मिळते का बघत. बोट भरलेली. मग तू आत्याला वरच्या उघड्या मजल्यावर नेलंस, दोनदा नेलंस, पण तिथला वारा तिच्या छातीला सोसेना, पाच मिनिटांत खोकत खाली आली. एका गावात आपण उतरलो तर पाऊस. छत्रीखालून चार झाडं दिसली, निम्मी झडलेली. बाकीचे दिवस ती त्या गॅलरीत बसली. तुझा कोट, त्यावर शाल, त्यावर सोलापुरी चादर, हातात चहाचा कागदी कप. समोर करडं पाणी, क्षितिजापर्यंत. आणि सावली, दुपारभर गार सावली. तिथं ऊन म्हणजे माणसं तोंड वर करून अंगावर घेत होती, पलीकडच्या बाजूला, आमच्या भिंतीच्या पल्याड. मी तिला आत ये म्हणायचो. ती म्हणायची, पाणी बी चांगलं हाय की. एकदाही म्हणाली नाही, मी सांगितलं होतं. म्हणाली असती तर मी भांडलो असतो आणि बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी मी तिला म्हणालो, मी अतुलला सांगतो. ती म्हणाली, हितं नगा, पोरगं लई चिडलंय, समद्यांचा इरस व्हईल. घरी गेल्यावर पयलं शिवानीला सांगा, मग त्येला. आणि नक्की सांगा बरं, पोर आतल्या आत कुढतीया. मी हो म्हणालो.

सातव्या दिवशी तिला ताप भरला. बोटीवरच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि पांघरुणातून बाहेर काढू नका म्हणाला. आठव्या दिवशी बोट समुद्र सोडून नदीत शिरली. तुम्ही सगळे वर होता, अतुल फोटो काढत होता. मी खोलीत होतो. पडदा ओढलेला होता. मी फटीतून बघितलं, शिवानी. नदीला दोन काठ होते. आमच्या बाजूच्या काठावर डोंगर होता आणि तो पायथ्यापासून माथ्यापर्यंत लाल होता, पिवळा होता, मधे गर्द हिरवा. कॅलेंडरात रंग कमीच दिला होता म्हणायचा. ती तापात होती, पण जागी होती. तिनं विचारलं, झाडं आली काय. मी पडद्याची फट मिटवली आणि म्हणालो, न्हाय अजून, पाणीच हाय. मला वाटलं, आली म्हणालो तर ही उठेल, दार उघडेल, गारठ्यात उभी राहील. ती बरी होऊ दे, मग दाखवतो. परत दुपारी तिनं विचारलं, परत मी तेच सांगितलं. संध्याकाळी तिनं विचारलं नाही.

नंतरचं तुला माहीतच आहे. तुमच्या घरी आठ दिवसांत ताप उतरला, आपण सगळे म्हणालो चला, निभावलं. विमानानं आलो. कोल्हापुरात आल्यावर दहाव्या दिवशी परत दम लागला, दवाखान्यात घातली, न्यूमोनिया म्हणाले. मी डॉक्टरला विचारलं, बोटीवरच्या गारठ्यानं झालं का. ते म्हणाले, तसं ठामपणे सांगता येत नाही, छाती मुळात कमजोर होती, इथंही झालं असतं. अतुलला मी फोनवर त्यातलं अर्धंच सांगितलं. छाती कमजोर होती हे सांगितलं. इथंही झालं असतं हे सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे मी राहू दिलं, कारण दोष कुणाचातरी असला की अतुलचा राग तिकडं जात होता आणि माझ्याकडं येत नव्हता. हे मला तेव्हा कळत होतं, नंतर कळलं असं नाही.

जायच्या आदल्या दिवशी तिला नळीतून हवा चालू होती. तिनं ती बाजूला केली आणि मला विचारलं, शिवानीला सांगितलं न्हवं. मी म्हणालो, सांगितलं. ती म्हणाली, काय म्हणाली पोर. मी म्हणालो, हसली, म्हणाली असू दे मामा. तिनं डोळे मिटले. तिला समाधान वाटलं असावं. एकोणीस नोव्हेंबरला सकाळी ती गेली. तिला झाडं आली नाहीत असं वाटत होतं आणि तुला सगळं कळलंय असं वाटत होतं. दोन्ही खोटं, दोन्ही माझ्या तोंडचं.

पुण्यानुमोदनाला अतुल एकटा आला. तुला त्यानं येऊ दिलं नाही, हे मला त्यानंच सांगितलं, विहारात चटया टाकता टाकता. म्हणाला, बाबा, तिला आईच्या फोटोसमोर उभी केलेली मला बघवणार नाही. भन्तेजी आलेले होते, माणसं बसत होती. मला वाटलं आता सांगावं. मग वाटलं, माणसं जाऊ देत. माणसं गेली. मग वाटलं, पोराला दोन घास खाऊ देत. मग तो चार दिवस राहिला, माझ्याशेजारी झोपला, माझे पाय दाबले, बाबा, आता तुम्हीच आहात, असं म्हणाला. त्यानंतर मला सांगता येईना. तो दर रविवारी साडेनऊला फोन करायचा, आणि सोमवारपासून मी पुढच्या रविवारची वाट बघायचो. माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. तुझा संसार मोडत होता हे मला दर रविवारी कळत होतं. आज ती हे म्हणाली, मी ते म्हणालो, असं तो सांगायचा. मी म्हणायचो, शांततेनं घ्या. मग तुझं पत्र आलं, क्षमा मागणारं, आणि मी ते कापडाखाली ठेवलं. एवढा नीच माणूस मी खिडकीच्या पलीकडंसुद्धा कधी बघितला नाही.

क्षमा मागत नाही. तू सुनेसारखी वागलीस कमी आणि लेकीसारखी जास्त, म्हणून तू कदाचित देशीलही, आणि ती मला पेलणार नाही. कुलसुमभाभींच्या हातचं खातोय तेवढं बास आहे.

आता हे आजच का लिहिलं ते सांगतो. तुझ्या आत्यानं पहिलं तुला सांगा म्हणून बजावलं होतं, पण सोनमकडचा तुझा फोन नंबर माझ्याकडं नव्हता आणि पत्र लिहायला बसलो की हात चालत नव्हता, म्हणून क्रम चुकला. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी अतुलचा फोन आला आणि मी त्याला सगळं सांगितलं, फॉर्म, खोडरबर, बोटीतली वाट, डॉक्टर, सगळं. लाईन तुटली असं वाटून मी दोनदा हॅलो म्हणालो. मग तो म्हणाला, बाबा, मी तिला काय काय बोललोय तुम्हाला ठाऊक हाय काय. एवढंच. इतक्या वर्षांत तो माझ्याशी कोल्हापुरी बोलला नव्हता. फोन ठेवला. त्यानंतर तीन रविवार गेले, हा आजचा धरून. घरी लावला की मशीन बोलतं, ऑफिसात लावला तर एक बाई इंग्रजीत काहीतरी सांगते, त्यातलं मला एवढंच कळलं की तो कामावर येत नाही. मला त्याच्या कुणा मित्राचं नाव माहीत नाही. माझ्याकडं फक्त तुझ्या पाकिटावरचा सोनमचा पत्ता आहे. स्पीड पोस्टनं हे पोचायला आठ-दहा दिवस लागतील म्हणतात. त्याच्याकडं परत जा असं मी तुला सांगत नाही, तो हक्क माझा नाही, आणि त्यानं मला बाप म्हणावं हीही आशा नाही. फक्त एकदा त्याच्या दारापर्यंत जा. चावी अजून तुझ्याकडं असेल. आर्यनला नेऊ नकोस. आणि शिवानी, बेल वाजवून दार उघडलं नाही, तर एकटी आत जाऊ नकोस, सोनमला बरोबर घे.

तुझाच,
मामा